तुसाजीची मालकीण

माझ्या थोरल्या भावाचं नाव तुसाजी. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तुकाजी म्हणायचंय का?" नाही हो, तुसाजीच. भाताच्या तुसावरून ठेवलेलं. पुढे लग्नात तो मधुकर झाला, कचेरीत त्याला मधुकरराव म्हणू लागले, आणि माझ्या वहिनीला तर ते जुनं नाव ऐकलं की अजून हसू फुटतं. मला नाही फुटत. मला भुशी गावची हौसामावशी आठवते आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

भाऊ खुशाल आहे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नाही, हे तो स्वतःही कबूल करील. लिहायचं आहे ते त्याच्या मालकिणीविषयी. मालकीण हा शब्द मी गमतीनं वापरत नाही, आमच्या घरात तो तसाच वापरला जाई. भाऊ होता आईच्या पोटचा, पण मालकीचा हौसामावशीच्या. मी मात्र सगळीकडून आईचीच. मला कुणी विकत घेतलं नव्हतं, ह्याचं लहानपणी मला फार वाईट वाटायचं.

आम्ही लोणावळ्याला राहायचो. वडील, म्हणजे नाना, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. हौसामावशी भुशीहून दूध घेऊन यायची. उंच, काटक, कासोटा घट्ट मारलेली, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. डोक्यावरच्या चरवीला ती हातसुद्धा लावायची नाही. पावसाळ्यात लोणावळ्याच्या धुक्यात समोरचं झाड दिसत नाही, तेव्हा आधी तिचा आवाज यायचा आणि मग ती यायची. आवाज मोठा, कारण आयुष्यभर म्हशींशी बोललेली. माणसांशीही ती म्हशींशी बोलावं तसंच बोलायची, म्हणजे हुकूम आधी आणि माया नंतर. बंगल्यातल्या पारशी बायासुद्धा तिला भिऊन असायच्या. "भांडं पुढं कर. हलवू नगं. झालं." एवढं बोलून ती पुढच्या दाराला लागायची.

विकत घेण्याची गोष्ट मला आईनं सांगितली, कारण तेव्हा मी जन्मलेच नव्हते. आईचे पहिले दोन मुलगे गेले होते. एक जन्मल्याबरोबर आणि दुसरा चांगला चालता-बोलता, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत. त्याच साथीत तिकडे भुशीला हौसामावशीचा नवरा आणि दोन्ही मुलं गेली. साथ ओसरल्यावर ती पुन्हा दूध घेऊन यायला लागली तेव्हा दोघींनी एकमेकींना काहीच विचारलं नाही. आई भांडं पुढे करायची, ती दूध ओतायची, आणि मग दोघी थोडा वेळ पायरीवर नुसत्या बसून राहायच्या. आई म्हणायची, त्या वर्षात मला तिच्याशेजारीच तेवढं बसवत होतं.

पुढच्या साली भाऊ झाला. आई त्याच्याकडे बघायलाही घाबरत होती. पाचव्या दिवशी सकाळी हौसामावशी दूध घालून झाल्यावर हलेचना.

"वैनी, ह्यो मला इका," ती म्हणाली.

दोन मुलं गेली की तिसऱ्याला असं विकायची रीत खेड्यापाड्यांत होती. मूल परक्याचं झालं, त्याला केरकचऱ्याचं नाव पडलं, की ते न्यायला येणारं जे कोणी असेल त्याला ते न्यावंसं वाटत नाही, असा त्यातला हिशेब. नाना शिकलेले, ते भडकले. "हा काय बाजार मांडलाय?" असं म्हणाले, आणि मागच्या परसात जाऊन लाकडं फोडत बसले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हौसामावशी पदरात भाताचं तूस बांधून घेऊन आली. आईनं बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि पाठ फिरवली.

"काय टाकाय काढलंय?" हौसामावशीनं विचारलं.

आईला पढवून ठेवलं होतं. "घरातला केर आहे."

"मला द्या मग. बदल्यात तूस देते."

तिनं पदरातलं तूस सुपात ओतलं. ते बाळाच्या अंगाला टोचलं आणि त्यानं जे भोकाड पसरलं ते परसात नानांना ऐकू गेलं. आई वळणार, तेवढ्यात हौसामावशी ओरडली, "बघू नगा! भाताला पैलं तूसच येतंय, दाणा मागनं भरतोय. रडू द्या त्याला." मग ते सूप उचलून ती घराला वळसा घालून परसात गेली. नानांनी कुऱ्हाड खाली ठेवून तिला वाट दिली. मागच्या दारानं आत येऊन तिनं बाळ आईच्या ओटीत घातलं आणि सांगितलं, "ह्यो तुसाजी. ह्यो माजा हाय. तुमच्याकडं राखोळीला ठेवते. पाजा, न्हाऊ घाला, निजवा. पर माजा म्हनायचं न्हाई."

आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला सांभाळायला ठेवायचं, त्याला राखोळी म्हणतात. तेव्हापासून माझा भाऊ आमच्या घरी राखोळीला होता. सोडवून घ्यायचा तो लग्नात, हळद लागायच्या आधी, असं ठरलं. आईला तेव्हा त्याचं पुढचं वर्षसुद्धा दिसत नव्हतं, लग्नाचं काय! ती लगेच कबूल झाली.

आईनं शब्द पाळला. भाऊ शाळेतून आला की ती म्हणायची, "हौसाबाईंचा मुलगा आला गं, त्याला वाढ." शेजारणी हसायच्या. आई हसायची नाही.

आणि हौसामावशी? ती रोज सकाळी आपला माल तपासायला यायची. आधी त्याला पायरीवर उभं करायचं, पापण्या खाली ओढून डोळे बघायचे, जीभ बघायची, बरगड्या चाचपायच्या. मग आईची झडती. "काल काय घातलं ह्याला? ताक? थंडीचं ताक घालतंय व्हय कुनी!" आपल्याच मुलाबद्दल दूधवालीची बोलणी खाणारी लोणावळ्यात माझी आई एकटीच असेल. दूध मापून झाल्यावर चरवीतलं उरलेलं त्याच्या पेल्यात पडायचं, आणि ते त्यानं तिच्या डोळ्यांदेखत प्यायचं. मी आशेनं माझा पेला पुढे केला की म्हणायची, "तू तुज्या आईचं पी."

त्याचं कौतुक तिला खपत नसे. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, मुलगा छान आहे हो तुमचा, की ही पायरीवरून ठासून सांगायची, "कशाचा छान? उंदरावानी त्वांड हाय." दिवाळीला त्याला नवा सदरा शिवला तर आधी तो अंगणातल्या मातीत लोळवून मग त्याच्या अंगात घालायला लावायची. माझं, म्हणजे कुशीचं, मात्र उघड कौतुक चालायचं. "कुशी काय गुनाची हाय! केस बगा कसं, डोळं बगा!" मी ह्या कौतुकानं फुगून भावाला वेडावून दाखवायचे. पुढे कधीतरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं कौतुक करायला तिला कसलीच भीती वाटत नव्हती, म्हणून ती ते हातचं न राखता करत होती. शिव्या सगळ्या त्याला ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही आणि तिला ते कळलंही नाही.

भावाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांना वाटलं नानांच्या सांगण्यात काही चूक झाली असेल, आणि त्यांनी आपणहून तुकाजी करून टाकलं. हे हौसामावशीला समजायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती रिकामी चरवी डोक्यावर घेऊन शाळेच्या ओसरीत उभी. मी तेव्हा शाळेत नव्हते, पण त्या प्रसंगाची नक्कल भाऊ इतक्या वेळा करायचा की मला तो पाठ आहे.

"मास्तर, आमचं नाव कशापायी बदललं?"

मास्तर भला माणूस. म्हणाला, "बाई, पोरं चिडवतील त्याला. तुसाजी हे काय नाव झालं?"

"चिडवू द्या की. तेवडंच बरं. आवो, तांदूळ कांडून-सडून ठिवला की चार म्हैन्यांत किडं पडत्यात. तुसातला दाना दोन सालं ऱ्हातोय, आन पेरला तर उगवतोय बी. सडल्याला पेरून बगा, उगवतोय का!"

"मला नका सांगू, माझ्या बापाचीही भातशेतीच आहे," मास्तर हसत म्हणाले आणि त्यांनी खोडून पुन्हा तुसाजी केलं. मग सहज विचारलं, "तुमचाच ना हा मुलगा?"

भाऊ म्हणायचा, एवढं बोलणारी बाई एकदम गप्प झाली. मग "व्हय" म्हणाली आणि चरवी सावरत निघाली.

शाळेतून ती सरळ आमच्याकडे आली. दुधाची वेळ नव्हती. पायरीवर बसली आणि आईला म्हणाली, "वैनी, मास्तर म्हनला, तुमचाच का मुलगा. मी व्हय म्हनलं."

"बरोबरच सांगितलंस. तुझाच आहे."

"न्हाई तसं. व्हय म्हनताना लय बरं वाटलं, वैनी. तेच वंगाळ झालं."

आईनं आत जाऊन चहा टाकला. रीत म्हणून घेतलेलं मूल रीतीपुरतंच ठेवायचं असतं, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघींपैकी एकीचा तोल जात चालला होता. हे आई मला फार पुढे, माझं लग्न झाल्यावर बोलली.

त्यानंतर हौसामावशी काही दिवस त्याच्याशी फटकून वागली. बरगड्या चाचपणं बंद. तो हिरमुसला. मग त्याला अंगणात पडून गुडघा फोडून घ्यायची बुद्धी झाली, आणि सगळं पूर्ववत झालं.

तो नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. डॉक्टर येत होते, औषध चालू होतं, पण पोर हाती लागेना. ओळख देईना, डोळे अर्धवट उघडे. एका दुपारी आईचा धीर सुटला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती मोठ्यानं रडायला लागली. "माझं बाळ गं ते, माझं सोनं." मी दारात उभी होते. तेवढ्यात हौसामावशी आली. चप्पल कधी घालतच नव्हती, तशीच धुळीच्या पायांनी आतल्या खोलीपर्यंत आली आणि तिनं आईच्या तोंडावर हात दाबला.

"तुजं न्हाई!" ती ओरडली. आईला तिनं अगं-तुगं केलेलं तेवढंच एकदा. "माजं हाय. ध्यानात ठेव. माजं हाय ते."

मग ती बाहेर अंगणात गेली. भर उन्हात उभं राहून, कुणी समोर आहे असं समजून, बोलायला लागली. "माजा दाल्ला न्हेलास. दोनी पोरं न्हेलीस. मी काई म्हनलं? ह्यो बी माजाच हाय. आन नुसता तूस हाय, तुसानं तुजं पॉट भरायचं न्हाई. जा हितनं. जा म्हनते न्हवं!" शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. नाना कचेरीतून जेवायला आले होते ते फाटकातच थांबले. ती बोलायची थांबली, पदरानं तोंड पुसलं, आत येऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "भांडं आना, दूध घालते."

भाऊ वाचला. नाना म्हणाले, डॉक्टरांच्या औषधानं. आई काय समजायची ते समजली. हौसामावशीला विचारलं तर तिनं भावाकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "कसा सुकाटावानी झालाय बगा."

मोठा होईपर्यंत भावाला ह्या दोन आयांचं काही वाटेनासं झालं होतं. सुट्टी असली की तो भुशीला. तिथे तो तिच्या म्हशी धुवायचा, भाताच्या लावणीला चिखलात उतरायचा, तिच्या हातची नाचणीची भाकरी खायचा आणि घरी येऊन आईच्या पोळ्यांना नावं ठेवायचा. ती त्याला "तुश्या" म्हणायची. तिचं ते "तुश्या" म्हणणं अर्धं रागाचं असायचं, अर्धं काय असायचं ते मी सांगायला नको. मॅट्रिक झाल्यावर तो रेल्वेत लागला. पहिल्या पगारात त्यानं आईला लुगडं घेतलं आणि हौसामावशीला चपला. तिनं त्या कधी पायात घातल्या नाहीत. उतरंडीवर वरती ठेवून दिल्या होत्या.

लढाईच्या दिवसांत त्याचं लग्न ठरलं. मुलगी तळेगावची. साखर मिळायची मारामार, म्हणून लग्न घरगुतीच करायचं होतं. बैठकीत मुलीच्या आत्यानं नावाची चौकशी केली. नानांनी हसत हसत सगळी हकिकत सांगितली. आत्या हसली नाही. "म्हणजे मुलगा अजून सोडवलेला नाही? मग आम्ही मुलगी द्यायची कोणाच्या घरात?" तिचं काही चुकलं नव्हतं. तसं ठरलेलंच होतं.

आई स्वतः भुशीला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मी तिच्याबरोबर. हौसामावशी गोवऱ्या थापत होती. आईनं सांगितलं ते ऐकता ऐकता तिनं हातातला गोळा थापून पुरा केला, मग उठून हात धुतले. खूप वेळ धुतले.

"पोरगी कशी हाय?"

"चांगली आहे. हसरी आहे."

"मग सोडाय पायजे."

"हौसा, तुझी इच्छा नसेल तर..."

"इच्छेचं काय इचारता, वैनी? इच्छा न्हाईच. पर हळद तर लागाय पायजे त्याला."

हळदीच्या आधी भावाला पाटावर बसवलं. आईनं हौसामावशीची तांदळांनी ओटी भरली. तूस आलं होतं, तांदूळ परत जायचे. लुगडं-चोळी दिली. मग आई सगळ्यांसमोर म्हणाली, "हौसाबाई, तुमचा मुलगा आम्हाला द्या." हौसामावशीनं तीनदा "सोडला" म्हणायचं होतं. पहिलं म्हणाली. दुसरं म्हणाली. तिसऱ्याला तिचे ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. त्या आवाजाला घाबरणारी सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. भाऊ पाटावरून उठायला लागला, "राहू दे मावशी, नको म्हणूस." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबून बसवलं, दावणीच्या जनावराला बसवतात तसं, आणि खणखणीत म्हणाली, "सोडला." मग मागे न बघता पुढच्या दारानं निघून गेली. मागे बघायचं नसतं. नानांनी भिंतीकडे तोंड केलेलं मी पाहिलं.

गुरुजींनी नवं नाव मधुकर ठेवलं. सगळ्यांना वाटलं, झाली रीत पुरी, आता उद्यापासून मावशी आपली नेहमीसारखी. दुसऱ्या दिवशी ती लग्नाला आली. आईनं तिच्यासाठी पुढे जागा राखली होती. ती मागे, आमच्या इतर गवळ्या-भाजीवाल्यांच्या ओळीत बसली, जेवली, आणि जाताना भावासमोर उभी राहून म्हणाली, "येते मधुकरराव. नांदा सुखानं."

भावाला वाटलं थट्टा चाललीय. तो हसला. ती हसली नाही.

त्यानंतर तिनं त्याला कधी "तुश्या" म्हटलं नाही. अहो-जाहो करायची. तो पायरीवर आला की उठून उभी राहायची. एका रविवारी तो चिडून भुशीला गेला, तिच्या अंगणात जाऊन बसला, म्हणाला, "मला भाकरी दे." तिनं त्याला पाट दिला, कपबशीतून चहा दिला, पाव्हण्याला देतात तसा, आणि आपण लांब उभी राहिली. भाऊ घरी येऊन रडला. तेवीस-चोवीस वर्षांचा बाप्या, बायको आत स्वयंपाकघरात, आणि हा परसात रडत बसलेला.

दुसऱ्या दिवशी आईनं हौसामावशीला धरलं. "अगं, नावापुरतं होतं ते. इतकं काय मनाला लावून घेतेस?"

"नावापुरतं व्हतं, तर जगला कसा त्यो?"

आईनं पुढे केलेलं भांडं खाली ठेवलं.

"सोडला म्हनलं तर सोडाय पायजे, वैनी. आतनं धरून ठिवायचा आन वरनं सोडला म्हनायचं, ही फसवनूक झाली. घेताना मी खरा घेतला, म्हनून टिकला. सोडताना खोटा सोडला, आन त्याचं काई बरं-वाईट झालं, तर मी कुनाच्या अंगनात जाऊन भांडू?"

नानांचा ह्यातल्या कशावर विश्वास नव्हता, पण त्या बाईला खोटं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. भावानं मात्र तिला कधी माफ केलं नाही, असं मला वाटतं. त्याचा आपला एकच हट्ट, आई होतीस ना, मग आईसारखी वाग. तिच्या लेखी ती तेच करत होती. हे त्याला मी दोन-तीनदा समजावून पाहिलं. तो "हं" म्हणायचा.

पुढे त्याची बदली जबलपूरला झाली. माझं लग्न होऊन मी तळेगावात आले. हौसामावशीचे गुडघे धरले, दूध घालणं बंद झालं, आणि आमच्या पायरीवर दुसराच कोणी गवळी भांड्यात दूध ओतायला लागला. तो कुणाला काही बोलायचा नाही. आईला ते दूध पातळ वाटायचं.

एका हिवाळ्यात माहेरी आले होते तेव्हा भुशीला गेले. ती ओढ्याच्या काठी उन्हाला बसली होती, पलीकडे तिची उरलेली दोन म्हसरं चरत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण मला आवाजावरून ओळखलं. माझ्या केसांवरून हात फिरवला, चेहरा चाचपला आणि नेहमीसारखं माझं कौतुक केलं. मग पदर सावरून, ताठ बसून, परक्या घरची विचारपूस करावी तशी म्हणाली, "तुमचं बंधू बरं हायती न्हवं?"

मी सांगितलं, बरा आहे, बढती मिळाली, थंडी फार आहे तिकडे म्हणतो. ती मान डोलवत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थंडीचं ताक पीत न्हाईत न्हवं?" आणि मग ओठ मिटून घेतले, जास्त बोलून गेल्यासारखे.

मला राहवलं नाही. "मावशी, इथे कोणी नाही. तो चांगला धडधाकट आहे, त्याला काही होत नाही. एकदा तरी नावानं हाक मारत जा की गं त्याला."

"न्हाई बाई."

"आठवण येत नाही?"

तिनं ओढ्याकडे तोंड फिरवलं.

"रोज येतीय," ती म्हणाली. "सकाळी उटलं की नाव तोंडात येतंय. गिळते. भाकरीसंगं गिळते. सोडलाय न्हवं मी."

मी तिचा हात धरला. तो हात एवढा हलका झाला असेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं तो सोडवून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"कुशे, तू तर बहीन हायस. तुला तर कुनी सोडाय लावलं न्हाई."

"नाही."

"मग तू मार की हाक. म्या निस्ती आयकते."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. उभी राहिले. भर उन्हात, रिकाम्या रानात, तळेगावची एक लेकुरवाळी बाई डोक्यावरचा पदर सावरून ओढ्याच्या काठी उभी. लाज वाटत होती. "तुश्या," मी म्हणाले. आवाज धड फुटला नाही. पलीकडच्या एका म्हशीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

हौसामावशीनं डोळे मिटले होते.

"जरा मोठ्यांदी मार, बाई," ती म्हणाली. "लय लांब हाय त्यो."